काचेवरची जागा

पिकअपच्या समोरच्या काचेवर, आरशाच्या पाठीमागे, जेमतेम हातभर जागा असते. गेल्या काही वर्षांत तिनेच आमच्या धंद्याचं गणित बदलून टाकलं आहे. पोलिसांच्या रडार गनची चाहूल देणारा रडार डिटेक्टर बसवायला तीच जागा उत्तम: उंच, मधोमध, वायपरच्या दांडीपासून दूर, आणि आरशाच्या वायरिंगमधून बारा व्होल्ट हाताशी. हे ओहायोत गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. आता मात्र फोर्ड एफ-१५० घ्या, सिल्वराडो घ्या नाहीतर रॅम घ्या, त्या जागेवर गाडीचाच कॅमेरा येऊन बसलेला असतो. लेन सांभाळणारा, पुढची गाडी ओळखून ब्रेक लावणारा. त्याचं काळं प्लास्टिकचं घर छताच्या कडेपासून खाली उतरतं आणि नेमकी तीच हातभर जागा खातं. भरीस भर म्हणून ट्रकचे स्वतःचे रडार सेन्सर आलेले आहेत. एफ-१५० मध्ये तर शेजारच्या लेनवर नजर ठेवणारे सेन्सर मागच्या दिव्यांतच बसवलेले असतात. ज्या गाडीत फक्त ऐकण्याची सोय करायची, ती गाडीच आता बोलू लागली आहे. म्हणून मी अलीकडे एक गोष्ट ठासून मांडू लागलो आहे: या कामाचं मोल डिटेक्टर किती लांबचं ऐकतो यावर ठरत नाही. तो वाजला की चालवणारा त्याच्यावर विश्वास ठेवतो का, यावर ठरतं. आणि तो विश्वास बऱ्याच अंशी आम्ही निवडलेल्या जागेवर अवलंबून असतो.

लांबच्या ऐकण्याचा मोह जुना आहे, पण त्याला आधार कमी आहे. पोलिसाच्या रडार गनमधून निघालेली लहर गाडीवर आपटून परत यावी लागते, तेव्हा गनला वेग कळतो. हा जाण्यायेण्याचा प्रवास महाग पडतो. परत येणाऱ्या लहरीची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते. डिटेक्टरला मात्र फक्त निघालेली लहर पकडायची असते आणि तिची ताकद अंतराच्या वर्गाने घटते. अंतर दुप्पट झालं तर डिटेक्टरकडे चौथा हिस्सा उरतो आणि गनकडे सोळावा. निसर्गानेच ऐकणाऱ्याला आघाडी दिलेली आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर बरा डिटेक्टर गनच्या कितीतरी आधी बोलतो आणि त्यात अजून भर पडल्याने चालवणाऱ्याच्या हाती नवं काही येत नाही. ओहायोच्या दक्षिणेकडे, जिथे रस्ता टेकड्यांतून वळतो, तिथे आड येते ती माती आणि खडक. तीस-पस्तीस गिगाहर्ट्‌झची लहर टेकडीतून आरपार जात नाही, मग यंत्र कितीही महागाचं असो.

यावर जाणकार एक रास्त हरकत घेतात. पोलीस गन सतत चालू ठेवत नाही, थोपवून ठेवतो आणि गाडी टप्प्यात आली की क्षणभर दाबतो. अशा वेळी आपल्याला वाचवते ती पुढच्या कुणा गाडीवर सोडलेली, इकडेतिकडे विखुरलेली क्षीण लहर. ती पकडायला संवेदनशीलता लागतेच. हे मला मान्य आहे. किंबहुना चांगल्या यंत्राचे जास्तीचे पैसे द्यायचं ते एकमेव प्रामाणिक कारण आहे. पण तोच मुद्दा पुढे नेऊन पाहा. ती क्षीण लहर म्हणजे अर्ध्या सेकंदाची एक बीप. दिवसभरात पन्नास वेळा उगाच वाजलेल्या यंत्राची एकावन्नावी बीप कोण ऐकतो? माणसाचा हात आवाज बंद करण्याच्या बटणाकडे आपोआप जातो. संवेदनशीलतेने मिळवलेलं सगळं त्या एका सवयीत वाया जातं. त्यामुळे क्षीण लहरीचा मुद्दा माझ्या विरोधात जात नाही, माझ्याच बाजूला येतो.

या यंत्राचा इतिहासही हेच सांगतो आणि तो बराचसा आमच्याच राज्यात घडला. १९७४ साली तेलटंचाईपायी देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर. मोकळ्या पश्चिमेकडच्या रस्त्यांवर ती लोकांना जाचक वाटली आणि डेटनच्या डेल स्मिथ यांचा फझबस्टर हा डिटेक्टर घरोघर माहीत झाला. १९७८ मध्ये सिनसिनाटी मायक्रोवेव्हचा एस्कॉर्ट आला. जिम जेगर आणि माइक व्हॅलेंटाइन यांनी त्यात सुपरहेटरोडाइन रिसीव्हर घातला आणि रेंजचा प्रश्न एका झटक्यात पुष्कळसा निकालात निघाला. मग व्हॅलेंटाइन वेगळे झाले आणि १९९२ मध्ये त्यांनी स्वतःचं यंत्र आणलं, तेव्हा त्यात नवं काय होतं? बाण. लहर पुढून येते, मागून येते की बाजूने, आणि एकूण किती स्रोत आहेत, हे ते सांगू लागलं. ज्याने रेंज मिळवून दिली होती त्याच माणसाने पुढची मोठी मेहनत बीपचा अर्थ लावण्यावर घेतली. ५५ ची मर्यादा १९९५ मध्ये उठली, तरी बाणांची मागणी काही कमी झाली नाही.

आज तो अर्थ लावणं पूर्वीपेक्षा अवघड झालं आहे. एक्स बँड, म्हणजे १०.५ गिगाहर्ट्‌झचा वारंवारतेचा पट्टा, पोलिसांनी जवळपास टाकून दिला. ओहायो तो उशिरापर्यंत वापरणाऱ्या राज्यांत गणलं जाई. केए बँडवर, ३३.८, ३४.७ आणि ३५.५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास, बहुतेक आवाज खरे असतात. सगळा गोंधळ मधल्या के बँडवर आहे. २४ गिगाहर्ट्‌झवर दुकानांची आपोआप उघडणारी दारं बोलतात, रस्त्याकडेचे वेग दाखवणारे फलक बोलतात, आणि गेल्या दशकभरात त्यात शेजारच्या लेनमधल्या गाड्यांचे सेन्सर येऊन मिळाले. दाराचा आवाज निदान एका जागी असतो. तो मागे पडतो आणि विसरता येतो. सेन्सरवाली गाडी मात्र तुमच्याच वेगाने, तुमच्या शेजारून, मैलोन्‌मैल सोबत चालते. २०१७ मध्ये इथल्या दूरसंचार आयोगाने गाड्यांचे रडार ७६ ते ८१ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात हलवायचं ठरवलं, त्यामुळे नव्या गाड्या हळूहळू या बँडवरून उठतील. पण या देशातल्या रस्त्यावरच्या गाडीचं सरासरी वय १२ वर्षांच्या पुढे गेलेलं आहे. आज विकलेली बडबडी गाडी बराच काळ बडबडत राहणार.

मग के बँड बंदच का करू नये, असं पुष्कळ जण विचारतात, आणि काही दुकानं न विचारताच तो बंद करून गाडी हातात देतात. मला हे पटत नाही. के बँडच्या गन अजून अनेक ठिकाणी वापरात आहेत, आणि पिकअप हे एका गावात फिरणारं वाहन नव्हे. घोड्यांची ट्रेलर ओढत ते चार राज्यं ओलांडतं. दुसरा उपाय यंत्रातल्या गाळणीचा. गाडीच्या सेन्सरची लहर वारंवारता सारखी सरकवत राहते, गनची स्थिर असते, आणि यंत्र हा फरक ओळखून पहिलीला गप्प करतं. पण ओळखायला वेळ लागतो. ताशी ७० मैलांच्या वेगात एका सेकंदात ट्रक सुमारे ३१ मीटर पुढे जातो, आणि गन क्षणभरच दाबलेली असेल तर तो सेकंद परवडत नाही. तिसरा उपाय जीपीएसचा: रोजच्या वाटेवरचे स्थिर आवाज यंत्र जागेसकट लक्षात ठेवतं आणि पुन्हा तिथे आलं की गप्प बसतं. तिन्ही उपायांत शहाणपण आहे, पण ते यंत्राच्या आतलं आहे. त्याला बाहेरचं स्वच्छ ऐकू आलं तरच ते कामाला येतं. धातूचा मुलामा असलेल्या काचेमागे यंत्र ठेवलं तर उपग्रहही दिसत नाहीत आणि लहरही येत नाही. मग गाळणी काय गाळणार?

म्हणून मी पुन्हा जागेवर येतो. कॅमेऱ्याच्या घराने वरची जागा घेतल्यावर बसवणाऱ्यासमोर मोजकेच पर्याय उरतात, आणि प्रत्येकात काहीतरी सोडावं लागतं. घराच्या खाली लटकवावं, तर यंत्र चालवणाऱ्याच्या नजरेत येतं. घराच्या उजवीकडे सरकवावं, तर ते सहप्रवाशाच्या बाजूला जातं, तार लांबते, आणि घराचा कोपरा डावीकडून येणारी लहर काही अंशी झाकतो. खाली डॅशबोर्डवर ठेवावं, तर वायपरच्या धातूच्या दांड्या आणि पिकअपचं उंच, रुंद बॉनेट आडवं येतं. पिकअपची उंची हे त्याचं मोठं भांडवल आहे; पुढच्या सेडानच्या टपावरून ते बघतं. डॅशबोर्डवर उतरलात की ते भांडवल तुम्ही स्वतःच्या हाताने फुंकून टाकता. आरशाच्या दांडीला यंत्र चिकटवणं दिसायला सर्वांत देखणं, पण आरसा आणि कॅमेऱ्याच्या घरामध्ये चेपून बसलेलं यंत्र मागचं अर्धवट ऐकतं. काचेच्या वरच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्टीमागे ढकललेलं यंत्र रडार ऐकेल, पोलिसांच्या लेझर गनचा झोत मात्र चुकवेल, कारण तो लेप उजेड अडवतो. मी दोन बोटांच्या फरकासाठी गाडीत पाऊण तास बसून राहतो, हे शिकायला आलेल्या पोरांना विचित्र वाटतं. ती पोरं तार लपवायला पहिल्याच महिन्यात शिकतात: छताच्या अस्तरात सारायची, खांबातून उतरवताना एअरबॅगच्या मागून न्यायची, पुढून कधीच नाही, आणि फ्यूज बॉक्समधून किल्लीबरोबर चालू-बंद होणारी वाट घ्यायची. जागा ठरवायला मात्र बरीच वर्षं जातात, कारण तिथल्या चुकीची तक्रार कुणी घेऊन येत नाही. तार लोंबली तर गिऱ्हाईक परत येतं. जागा चुकली तर त्याला वाटतं की यंत्रच वाईट आहे.

यंत्र सपाट असावं यावर आमच्यात फार भर दिला जातो, आणि इथे माझं बहुतेकांशी जमत नाही. रिकाम्या पिकअपची मागची बाजू मुळातच चढी असते. मागे वजन पडलं की ती बसते आणि नाक वर जातं. त्यामुळे रिकाम्या गाडीत पट्टी लावून साधलेली पातळी वाळू भरल्यावर राहतच नाही. डिटेक्टरच्या अँटेनाचा कान बराच रुंद असतो, अंश-दोन अंशांनी त्याचं फार बिघडत नाही. त्याचं बिघडतं ते आड आलेल्या धातूने. पातळीवर घालवलेला वेळ अडथळे शोधण्यात घालवावा, इतकंच माझं सांगणं.

सर्वांत हट्टी अडचण मागच्या बाजूची आहे, आणि ती सुटलेली नाही. पिकअपच्या केबिनमागे काय असेल याचा नेम नाही: अवजारांची पेटी, काच वाचवणारी लोखंडी जाळी, कॅम्परचा सांगाडा, नाहीतर अॅल्युमिनियमची बंद ट्रेलर. मागून येणारी लहर या भिंतीला अडते. उलट पुढून आलेली लहर केबिनच्या मागच्या काचेतून जाऊन त्याच भिंतीवर आपटून परत येऊ शकते, आणि मग बाण मागे दाखवतो. चालवणारा आरशात बघतो, धोका पुढे असतो. मागच्या बंपरवर वेगळी अँटेना बसवता येते, पण ट्रेलर जोडली की तीही झाकली जाते. इथे कौशल्याला मर्यादा आहे, आणि ती गिऱ्हाइकाला किल्ली देण्याआधी सांगावी असं माझं ठाम मत आहे: ट्रेलर लावल्यावर मागचा कान बंद समजा आणि मागच्या बाणावर विसंबू नका. लेझरबद्दलही तेच. लेझर गनचा झोत १००० फुटांवर जेमतेम ३ फूट रुंद असतो आणि पोलीस तो दिव्यावर किंवा नंबरप्लेटवर धरतो. उंच पिकअपमध्ये तिथून काचेच्या माथ्यापर्यंत बरंच अंतर असतं. झोत यंत्रापर्यंत पोहोचेलच असं नाही, आणि पोहोचला तेव्हा वेग मोजून झालेला असतो. लेझरची बीप म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची बातमी. असं सांगितलं की विक्री थोडी घटते. पण जे उरतात, त्यांचा यंत्रावर योग्य तितकाच विश्वास असतो.

मोठ्या दुकानांत मात्र उलटं चालतं. खोक्यावर मैल लिहिलेले असतात आणि मैलांवरच सौदा होतो. त्या मैलांची परीक्षा वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर, एक गन आणि एक गाडी एवढ्यावरच केलेली असते. शेजारून सेन्सरवाली गाडी जात नसते, मागे ट्रेलर नसते. मग सक्शन कपने यंत्र काचेवर, सिगारेट लायटरपासून गुंडाळीची तार लोंबती, आणि वीस मिनिटांत गाडी बाहेर. मला त्या लोंबत्या तारेचा तितका राग नाही. यंत्र कुणाच्या गाडीत जातंय, ती कुठे फिरते, मागे काय ओढते, हे कुणी विचारत नाही, याचा आहे. कारखान्यातूनच स्टिरिओ आणि पडदा लावून गाड्या येऊ लागल्यापासून आमच्यासारखी छोटी दुकानं ओस पडत चालली आहेत. विचारण्याची सवय असलेली माणसं त्यांच्याबरोबर जात आहेत. हा खरा ऱ्हास आहे.

विचारण्याचं आणखी एक कारण कायद्याचं आहे. खासगी हलक्या गाडीत डिटेक्टर ठेवायला ४९ राज्यांत मनाई नाही. व्हर्जिनियात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये आहे. पण राज्यांच्या सीमा ओलांडून धंद्यासाठी चालणाऱ्या १०,००१ पौंड किंवा त्याहून जास्त वजनाच्या वाहनाला केंद्राच्या नियमाने डिटेक्टर वर्ज्य आहे, आणि हे वजन ट्रेलरसह धरलं जातं. पिकअपला लांब ट्रेलर जोडून दुसऱ्यांचा माल पोहोचवणारे, ज्यांना इथे हॉटशॉट म्हणतात, ते बहुतेक या रेषेच्या पलीकडे असतात आणि अनेकांना ते ठाऊकही नसतं. त्यांचं काम मी घेत नाही. कॅलिफोर्नियात काचेवर काय लावायचं ते कोपऱ्यांपुरतं बांधलेलं आहे: दूरच्या खालच्या कोपऱ्यात ७ इंचांचा चौकोन, चालवणाऱ्याकडच्या कोपऱ्यात ५ इंचांचा. तिकडे निघालेल्याला वरची जागा देऊन उपयोग नाही. आणि व्हर्जिनियातून जाणाऱ्याला यंत्र वीज तोडून हाताबाहेर ठेवावं लागतं, म्हणून आरशातून घेतलेल्या जोडणीला मी हाताने उपसता येईल असा कनेक्टर ठेवतो. सगळं कायमचं बांधून टाकणं दिसायला सुबक असतं, पण चालवणाऱ्याला ते अडचणीत आणतं.

मोठी हरकत अजून बाकी आहे: हे यंत्र मुळात वेगमर्यादा मोडणाऱ्याच्या सोयीचं नाही का? पुष्कळांच्या हाती ते तसंच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. डिटेक्टरमुळे रस्ते सुरक्षित होतात असा दावा विकणारे करतात. मी करत नाही. माझं म्हणणं त्याहून छोटं आहे. कायद्याने ऐकण्याची मोकळीक दिलेली आहे, ती वापरणाऱ्याला निदान खोट्या भरवशावर सोडू नये. टनभर माल ओढणाऱ्या ट्रकला थांबायला लागणारं अंतर बीपने कमी होत नाही, आणि आपल्याला सगळं ऐकू येतंय अशा समजुतीत चालवणारा माणूस सगळ्यांत धोकादायक असतो. फोनवरच्या अॅपने आमची गरज संपली, असंही म्हणतात. दडून बसलेल्या पोलिसाची खबर देण्यात वेझसारखं अॅप लेझरच्या बाबतीत आमच्या यंत्रापेक्षा सरस आहे, हे मी गिऱ्हाइकांना स्वतःहून सांगतो. पण अॅपला आधी कुणीतरी बघून सांगावं लागतं. रात्री अकराला शेतांमधल्या रस्त्यावर पुढे कुणीच नसतं, तिथे स्वतःचाच कान लागतो. इथली आपली मंडळी कधी कधी पुण्याच्या भावासाठी एखादं यंत्र मागतात, त्यांनाही मी जागेचाच हिशेब सांगतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आता कमानींवरचे कॅमेरे नंबरप्लेट वाचतात आणि महामार्ग पोलिसांच्या गाड्यांत लेझर गन असतात. केए बँडचा कान तिथे नेऊन करायचं काय?

हे सगळं तर्काला धरून आहे असं मला वाटतं, आणि तरी माझा जीव दुसरीकडेच अडकलेला आहे. मला तार दिसलेली खपत नाही. यंत्र काचेवर जणू कारखान्यातूनच आलंय असं दिसावं, दुसऱ्या दुकानातल्या माणसाने दार उघडून बघावं आणि तार कुठून नेली ते त्याला कळू नये, यात मला जे सुख आहे ते गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं नाही. ते निव्वळ माझ्या नावासाठी आहे. नव्या ट्रकांनी या गर्वाला अवघड जागी आणून ठेवलं आहे. कॅमेऱ्याच्या घराखाली, थोडं उजवीकडे, जिथे यंत्राला पुढचं सर्वांत स्वच्छ ऐकू येतं, तिथे चार इंच काळी तार उघडी दिसते आणि ती लपवायला काहीही करता येत नाही. आरशामागे चेपून बसवलं तर तार नाहीशी होते आणि यंत्र अर्धं बहिरं होतं. दोन्ही कामं मला येतात, दोन्हींचे पैसे सारखेच मिळतात, आणि गिऱ्हाइकाला निवडू दिलं तर ते बहुधा देखणं मागतं. तेव्हा मी विचारत नाही, उघड्या तारेचं काम करतो. त्या चार इंचांकडे बघून एखादा समव्यवसायी मला कच्चा समजत असेल, ही बोच गेलेली नाही. ती जाईल असं वाटतही नाही, पण निर्णय घेताना मी आता तिचं ऐकत नाही.